कॅबिनेटच्या पंख्यांनी कोणाचे ऐकावे?

रात्री कामाला बसले की माझ्या संगणकाची एक सवय मला फार त्रास देत असे. ब्राउझरमध्ये नवे पान उघडले, एखादी मोठी फाइल उघडली किंवा नुसता ईमेल तपासला, तरी कॅबिनेटचे पंखे एकदम भरारा फिरू लागत, तीन-चार सेकंद तो आवाज तसाच राही आणि मग ते पुन्हा खाली येत. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आवाज कानठळ्या बसवणारा मुळीच नव्हता. एकसारखा राहिला असता तर मी तो विसरूनही गेले असते. पण सतत चालणारा आवाज कान काही मिनिटांत बाजूला सारतो आणि बदलणाऱ्या आवाजाकडे मात्र दर वेळी वळतो. त्यामुळे दर अर्ध्या मिनिटाला माझे लक्ष लिहिण्यावरून उडून टेबलाखालच्या त्या खोक्याकडे जात असे.

पंखे जुने झाले असतील असे समजून मी आधी तिन्ही पंखे बदलले. नव्या पंख्यांची बेअरिंग चांगली होती, पाती रुंद होती, आणि एका ठरावीक वेगाला ते जुन्यांपेक्षा खरोखरच शांत होते. चढ-उतार मात्र जसाच्या तसा राहिला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की पंखा हा केवळ हुकमाचा ताबेदार आहे, आणि वेग वाढवण्याचा हुकूम त्याला कोठून येतो हे मी कधी पाहिलेच नव्हते. या लेखात मला मुख्यतः त्या हुकमाबद्दलच लिहायचे आहे, कारण शांत संगणकाविषयी बोलताना पंख्यांची निवड, त्यांची पाती आणि त्यांचा आकार यांवर पुष्कळ चर्चा होते, आणि कॅबिनेटच्या पंख्यांनी नेमके कोणते तापमान पाहून चालावे हा प्रश्न मागेच राहतो.

अनेक मदरबोर्डांवर (संगणकाचे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवर), काही न बदलता संगणक सुरू केला, तर कॅबिनेटचे पंखेही प्रोसेसरच्या तापमानावरच चालतात. हे वरवर पाहता योग्य वाटते, कारण प्रोसेसर हा संगणकातला सर्वांत महत्त्वाचा भाग आणि तो तापू नये हीच आपली इच्छा. परंतु प्रोसेसरच्या आतला सेन्सर ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर बसलेला असतो तो नखाएवढा लहान असतो. एखाद्या कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका काम करणाऱ्या विभागावर, अचानक काम आले की त्या इवल्याशा जागेत एका क्षणात बरीच वीज खर्च होते आणि सेन्सरवरचा आकडा सेकंदाच्या आत पंधरा-वीस अंशांनी वर जातो. माझ्या संगणकावर तापमानाचा आकडा समोर ठेवून मी ब्राउझर उघडला, तेव्हा तो ४२ वरून ६३ वर गेला आणि दोन सेकंदांनी ४५ वर आला. त्या दोन सेकंदांत वरच्या जाडजूड हीटसिंकला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता घेऊन हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, या घडामोडीचा पत्ताही लागलेला नव्हता. त्याच्या पात्यांना हात लावला तर त्या जवळजवळ खोलीइतक्याच थंड होत्या.

आता त्या दोन सेकंदांत कॅबिनेटचे पंखे दुपटीने फिरले, तर त्याचा काय उपयोग होतो? सिलिकॉनमधली उष्णता वरच्या धातूच्या झाकणात, तिथून थर्मल पेस्टमधून (मधली फट भरून उष्णता पुढे नेणाऱ्या लेपातून) हीटसिंकच्या तळात, मग नळ्यांमधून पात्यांत आणि पात्यांमधून हवेत जाते. कॅबिनेटचे पंखे या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला, म्हणजे हवेला हात घालतात. ती हवा दोन सेकंदांत जराही तापलेली नसते. त्यामुळे पंख्यांच्या त्या धावपळीने प्रोसेसर एका अंशानेही थंड होत नाही. उसळी येते तशीच आपोआप ओसरते, आणि मागे उरतो तो फक्त आवाज. माझ्या मते घरोघरच्या संगणकांचा निम्मा त्रासदायक गोंगाट हा असा, कोणालाही थंड न करणारा गोंगाट असतो.

कॅबिनेटच्या पंख्यांचे खरे काम वेगळे आणि संथ आहे. आतले सगळे भाग मिळून जेवढी उष्णता हवेत सोडतात तेवढी बाहेर नेऊन टाकायची आणि आतली हवा खोलीच्या हवेपेक्षा फार गरम होऊ द्यायची नाही, एवढेच ते काम. किती हवा लागते याचा हिशोब अगदी सोपा आहे. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला साधारण १२०० ज्यूल उष्णता लागते. समजा, खेळ चालू असताना प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) आणि बाकीचे भाग मिळून ३०० वॅट, म्हणजे सेकंदाला ३०० ज्यूल उष्णता सोडत आहेत, आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम असलेली आपल्याला चालते. तर सेकंदाला २५ लिटर हवा पुरते, म्हणजे तासाला ९० घनमीटर, किंवा पंख्यांच्या खोक्यावर छापलेल्या एककात सांगायचे तर मिनिटाला सुमारे ५३ घनफूट. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण जाळ्या आणि फिल्टर यांचा अडथळा धरूनही दोन-तीन मोठे पंखे तो मध्यम वेगाला गाठतात.

याच हिशोबातून पुढची गोष्ट निघते आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हवा दुप्पट केली तर १० अंशांचा फरक ५ अंशांवर येतो. पुन्हा दुप्पट केली तर अडीच अंशांवर. म्हणजे पहिल्या दुपटीने पाच अंश कमावले आणि दुसऱ्या दुपटीने केवळ अडीच. आवाजाचा हिशोब मात्र उलट दिशेने धावतो. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट होते, दाब चौपट होतो, लागणारी वीज आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. दहा डेसिबलची वाढ आपल्या कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी भासते, हे लक्षात घेतले म्हणजे शेवटच्या दोन-तीन अंशांसाठी आपण किती मोठी किंमत मोजतो ते कळते.

उलट बाजूने पाहिले तर याच नियमात दिलासाही आहे. दोन सारखे पंखे एकत्र चालले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा पूर्ण वेगाने चालवण्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने चालवले, तर हवा तेवढीच मिळते आणि कागदावर तरी आवाज १२ डेसिबलने उतरतो. प्रत्यक्षात दोन्ही पंखे एकाच अरुंद जाळीतून हवा ओढत असतील तर एवढा फायदा पदरात पडत नाही. तरीही मोठे आणि अधिक पंखे संथ चालवावेत हा नियम कधी फसलेला मी पाहिलेला नाही.

वेग बदलण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतला फरक माहीत नसल्यामुळे मी एक आठवडा विनाकारण मनस्ताप करून घेतला, म्हणून त्याबद्दल थोडे सांगते. तीन तारांच्या पंख्यात एक तार ग्राउंडची, एक १२ व्होल्टची आणि तिसरी वेग कळवणारी असते. ही तिसरी तार प्रत्येक फेरीला दोन स्पंद पाठवते आणि त्यावरून मदरबोर्ड मिनिटाचे फेरे मोजतो. अशा पंख्याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेजच कमी करावे लागते. चार तारांच्या पंख्यात १२ व्होल्ट कायम राहतात आणि चौथ्या तारेवरून वेगाचा संदेश येतो: ठरावीक काळापैकी किती टक्के काळ संकेत चालू आहे, त्यावर वेग ठरतो. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. इंटेलने ठरवलेल्या मानकात या संकेताची वारंवारता २५ किलोहर्ट्झ आहे आणि २१ ते २८ पर्यंतची मुभा आहे, म्हणजे ती माणसाच्या ऐकण्याच्या मर्यादेच्या पलीकडे ठेवलेली आहे.

माझा मागचा पंखा तीन तारांचा होता आणि मदरबोर्डवरच्या ज्या हेडरला, म्हणजे पंख्याची तार खोचायच्या जागेला, तो जोडला होता तो पीडब्ल्यूएम पद्धतीवर ठेवलेला होता. पंखा चौथ्या तारेचा संदेश ऐकणार कसा, त्याला ती तारच नाही. त्याला मिळत राहिले ते सरळ १२ व्होल्ट, आणि तो अखंड पूर्ण वेगाने फिरत राहिला. कोणत्या तापमानाला किती वेग हे ठरवणारा आलेख मी बदलत राहिले, टक्के कमी करत राहिले, आणि त्याच्यावर ढिम्म परिणाम होईना. शेवटी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या मांडणीच्या पडद्यावर) त्या हेडरची पद्धत डीसी, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करण्याची, केल्यावर तो एका क्षणात मवाळ झाला. काही मदरबोर्ड पंख्याचा प्रकार आपोआप ओळखतात. तरीही प्रत्येक हेडरची पद्धत एकदा स्वतः पाहून घ्यावी असे मी सुचवेन. एका हेडरला दुभाजक तार लावून दोन-तीन पंखे जोडायचे असतील तर प्रत्येक पंख्याच्या चिठ्ठीवर छापलेल्या अँपिअरच्या आकड्यांची बेरीज करून ती हेडरच्या क्षमतेत, जी सर्वसाधारणपणे १ अँपिअर असते, बसते का ते पाहावे. दुभाजकातून वेगाची माहिती एकाच पंख्याची परत येते, तेव्हा दुसरा बंद पडला तर मदरबोर्डला कळणार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतर प्रत्येक पंख्याची खालची मर्यादा शोधावी लागते. पंखा फिरत असताना हळूहळू संकेत कमी करत गेले तर एका टप्प्यावर तो थांबतो. आणि थांबलेला पंखा पुन्हा सुरू व्हायला त्याहून थोडा अधिक जोर लागतो. माझा पुढचा पंखा १८ टक्क्यांवर थांबला आणि पुन्हा सुरू व्हायला त्याला २४ टक्के लागले. दुसरा, त्याच खोक्यातून आलेला, २० टक्क्यांनाच थांबला. अशा मोजणीला दहा मिनिटे पुरतात आणि त्यानंतर आलेख आखताना अंदाज करावा लागत नाही. मी दोन्हींसाठी ३० टक्के ही तळाची मर्यादा धरली, कारण बेअरिंगमधले वंगण जुने होत जाते आणि आज २४ टक्क्यांना सुरू होणारा पंखा दोन वर्षांनी तेवढ्यावर सुरू होईलच असे नाही.

काम नसताना कॅबिनेटचे पंखे पूर्ण थांबवावेत की नाही, याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे: थांबवू नयेत. थांबलेल्या पंख्यापेक्षा मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांनी चालणारा मोठा पंखा माझ्या टेबलापाशी तरी वेगळा ऐकू येत नाही. उलट थांबलेला पंखा सुरू होतानाचा तो छोटासा झटका ऐकू येतो. शिवाय अनेक ग्राफिक्स कार्डे हलक्या कामात स्वतःचे पंखे बंद ठेवतात. कॅबिनेटमधली हवा जागची हलली नाही, तर ते कार्ड हळूहळू तापत जाते, त्याचे पंखे सुरू होतात, कार्ड थंड होते, पंखे बंद होतात आणि हे चक्र रात्रभर चालू राहते. कॅबिनेटचा एक संथ पंखा हवा हलती ठेवतो आणि त्याच्यामुळे कार्डाचे लहान, तीव्र आवाजाचे पंखे झोपलेलेच राहतात. भरपूर काम असतानाही हेच दिसते. कार्डाचे पंखे धातूच्या पात्यांना अगदी चिकटून बसलेले असतात आणि त्यांचा आवाज अधिक कर्कश असतो. कॅबिनेटचे पंखे थोडे वाढवून त्यांना थंड हवा पुरवली, तर तेच मोठ्या फरकाने खाली येतात. एकेका पंख्याचा आवाज कमी करण्याच्या नादात मी हा एकत्रित हिशोब बरेच दिवस विसरले होते.

मग कॅबिनेटच्या पंख्यांनी ऐकावे कोणाचे? माझ्या संगणकात आतल्या हवेत सर्वांत जास्त उष्णता ग्राफिक्स कार्ड सोडते, आणि त्याचे तापमान चढायला व उतरायला मिनिटे लागतात, म्हणून मी पुढचे दोन्ही पंखे कार्डाच्या तापमानावर टाकले. प्रोसेसरवर दीर्घकाळ चालणारे काम, उदाहरणार्थ व्हिडिओचे रूपांतर, चालू असेल तेव्हा कार्ड थंडच असते, म्हणून प्रोसेसरलाही मत दिले, पण त्याचे तापमान क्षणाचे न धरता गेल्या मिनिटाच्या सरासरीने धरले. या दोहोंपैकी ज्याची मागणी मोठी, तिच्याप्रमाणे पंखे चालतात. ज्याच्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डच नाही, त्याने फक्त प्रोसेसरची सरासरी धरली तरी पुरेल. प्रोसेसरच्या हीटसिंकवरचा पंखा मात्र प्रोसेसरचेच ऐकतो, ते योग्यही आहे. त्यालाही मी चार-पाच सेकंदांची सवड दिली, एवढाच बदल.

अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये यासाठी दोन सोयी असतात. एक म्हणजे वेग चढायला व उतरायला किती सेकंद घ्यावेत ते ठरवणे. दुसरी म्हणजे चढण्याचे आणि उतरण्याचे तापमान वेगवेगळे ठेवणे. समजा ७० अंशांना वेग वाढतो आणि ७० अंशांनाच तो कमी होतो, तर तापमान ६९ आणि ७१ च्या मध्ये झुलत असताना पंखाही त्याच्याबरोबर झुलणार. वाढ ७० ला आणि उतार ६६ ला ठेवला की ही ओढाताण संपते. ज्यांना बायोसबाहेर जायचे नाही त्यांनी या दोनच गोष्टी केल्या, तरी त्यांच्या संगणकात मोठा फरक पडेल, याची मला खात्री आहे. बायोसला सहसा ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसत नाही, ही त्याची उणीव. ती भरून काढायला कार्यप्रणालीतला एखादा प्रोग्रॅम लागतो.

मी लिनक्स ही कार्यप्रणाली वापरते. तिथे प्रत्येक पंख्यासाठी पीडब्ल्यूएम१, पीडब्ल्यूएम२ अशा नावांच्या फाइली कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, दाखवतो. त्यांत ० ते २५५ पर्यंतचा आकडा लिहिला की पंखा त्याप्रमाणे वेग धरतो. ४० टक्के म्हणजे १०२. त्याआधी शेजारच्या एनेबल नावाच्या फाइलीत १ लिहून पंखा हाती घ्यावा लागतो. २ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे पंखे सांभाळणाऱ्या मदरबोर्डवरच्या चिपने आपापले पाहावे. एलएम-सेन्सर्स या सेन्सर वाचणाऱ्या साधनसंचाबरोबर येणारा फॅनकंट्रोल हा प्रोग्रॅम हे काम नीट करतो, पण तो एका पंख्याला एकच सेन्सर देतो आणि मला दोहोंपैकी मोठी मागणी निवडायची होती, म्हणून मी पंचवीसेक ओळींची छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती दर दोन सेकंदांनी दोन्ही तापमाने वाचते, शेवटच्या तीस वाचनांची सरासरी काढते आणि मगच पंख्यांना हात लावते. विंडोजवर फॅनकंट्रोल याच नावाचा एक वेगळा, विनामूल्य प्रोग्रॅम आहे आणि त्यात अनेक सेन्सरांमधला मोठा आकडा निवडण्याची सोय तयारच मिळते.

इथे एक धोका मी जाणूनबुजून ठळकपणे सांगते. पंखे स्वतःच्या हाती घेतल्यावर आपला प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, तर पंखे शेवटच्या वेगालाच अडकून राहतात. तो वेग संथ असेल आणि त्याच वेळी मोठे काम सुरू झाले तर मदतीला कोणी येत नाही. म्हणून स्क्रिप्ट सुरू होताना एनेबलमधला मूळ आकडा टिपून ठेवते आणि बंद होताना, कोणत्याही कारणाने का असेना, तो परत लिहिण्याचा प्रयत्न करते. आणि ती जबरदस्तीने मारली गेली तर लगेच पुन्हा सुरू व्हावी अशी व्यवस्थाही केली आहे. बायोसमधला आलेखही मी सुरक्षित ठेवला आहे, जेणेकरून नियंत्रण चिपकडे परत गेले की संगणक गोंगाट करेल, पण भाजणार नाही. दुसरी अडचण अशी की संगणक पुन्हा सुरू झाल्यावर सेन्सरांचे क्रमांक बदलू शकतात. काल ज्या क्रमांकाखाली मदरबोर्डची चिप होती, तिथे आज एसएसडी असू शकते. म्हणून क्रमांकावर विश्वास न ठेवता चिपचे नाव वाचून ती शोधावी.

आलेखाचे आकडे प्रत्येकाचे वेगळे येणार; माझे उदाहरणादाखल देते. कार्ड ५० अंशांच्या खाली असेपर्यंत पुढचे पंखे तळाच्या वेगालाच राहतात. ५० ते ७० मध्ये वेग अगदी सावकाश ८८० फेऱ्यांपर्यंत जातो. ८० अंशांना १२०० आणि ८८ अंशांना पूर्ण वेग, म्हणजे १५००. मधला एक टप्पा मी मुद्दाम वगळला आहे. ९०० ते ९६० फेऱ्यांच्या दरम्यान माझ्या कॅबिनेटचा बाजूचा पत्रा घुमू लागतो. तळहात ठेवला की आवाज थांबतो, उचलला की सुरू होतो. पत्र्याला आतून जाड फोमची पट्टी लावून आवाज अर्धा झाला, आणि उरलेल्यासाठी आलेखात तेवढा भाग उभ्या पायरीसारखा केला, म्हणजे पंखे त्या वेगावर रेंगाळत नाहीत, तो ओलांडून जातात.

हे सगळे तपासताना खोलीचे तापमान लिहून ठेवण्याची शिस्त मी उशिरा शिकले. खोली २४ अंशांवर असताना कार्ड ७० अंशांवर स्थिरावले, तर खोली ३३ वर गेली की तेच कार्ड तेवढ्याच पंख्यांनी ७९ च्या आसपास जाणार. दोन दिवसांचे आकडे तसेच ताडून पाहिले तर चुकीचा निष्कर्ष निघतो. खोलीचे तापमान वजा करून उरलेला फरक ताडून पाहावा. मोजणीही घाईने करू नये. पाच मिनिटांत आकडा थांबल्यासारखा वाटतो आणि पुढच्या वीस मिनिटांत आणखी चार अंश चढतो, कारण कॅबिनेटचा पत्रा, डिस्क आणि मदरबोर्ड सावकाश तापत असतात. मी अर्धा तास काम चालू ठेवते आणि शेवटच्या पाच मिनिटांचे आकडे धरते. अशा मोजणीत पुढचे पंखे ८०० वर आणि १५०० वर ठेवून पाहिले, तेव्हा कार्डाच्या तापमानात मला चारच अंशांचा फरक मिळाला. आजचे अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत जाऊन मग स्वतःच वेग कमी करून घेतात. त्यापुढे ७० की ७४ यासाठी कान किटवून घ्यावेत असे मला तरी वाटत नाही.

हवेच्या वाटेबद्दल थोडक्यात. आत येणारी हवा बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर फटींमधून हवा बाहेर पडत राहते आणि धूळ फिल्टरमधूनच यावी लागते. हे खरोखर घडते आहे का, ते पाहायला टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी मागच्या रिकाम्या जाळीपाशी धरावी. ती बाहेर फडफडली तर ठीक, आत ओढली गेली तर मागचा पंखा कमी करावा. फिल्टर तुंबला की तेवढ्याच कामाला पंखे महिन्यागणिक थोडे थोडे वर चढत जातात, आणि ही वाढ इतकी सावकाश होते की आपल्या लक्षात येत नाही.

इतके झाल्यावर संगणक शांत झाला, आणि शांत झाल्यामुळेच एक नवा आवाज ऐकू आला. मध्यरात्री खोलीत दुसरा आवाज नसताना एक लहरत जाणारी घुमघुम येत होती, सेकंदाला तीनेक वेळा चढणारी आणि उतरणारी. पुढच्या दोन पंख्यांचा वेग पाहिला: एक ७९०, दुसरा ८१०. दोघांना नऊ नऊ पाती. पात्यांची संख्या गुणिले फेरे भागिले ६० असा हिशोब केला तर पहिल्याचा स्वर ११८.५ हर्ट्झ आणि दुसऱ्याचा १२१.५, फरक तीनाचा, म्हणून सेकंदाला तीन लहरी. दोन तंबोऱ्यांच्या तारा जवळपास लागलेल्या असाव्यात पण एकजीव होऊ नयेत, तसा हा प्रकार. मी एक पंखा ७०० वर आणला आणि लहर गेली.

निदान मला तसे वाटले. दोन रात्रींनी तीच घुमघुम पुन्हा आली, पण आता फार संथ, दीड-एक सेकंदाला एक. पुढचा एक पंखा सॉफ्टवेअरमधून थांबवला, तरी ती होतीच. दुसरा थांबवला तेव्हा लहर गेली, मात्र एक सपाट, खोल स्वर राहिला. म्हणजे त्या पंख्याची जोडी दुसऱ्याच कशाशी तरी जमत होती. कॅबिनेटच्या तळाशी जुनी हार्ड डिस्क आहे, मिनिटाला ७२०० फेऱ्यांची. ७२०० भागिले ६० म्हणजे १२०. आणि नऊ पात्यांचा पंखा ८०० च्या जरा खाली फिरत होता, म्हणजे १२० च्या जरा खालच्या स्वराला. डिस्कचा कंप पत्र्यात उतरत होता आणि पंख्याचा स्वर त्याच्याशी भिडत होता; इतके दिवस पंख्यांच्या चढ-उतारात तो लपलेला होता. डिस्कच्या चारही स्क्रूंखाली रबराचे वॉशर बसवले आणि पंख्यांचा तळाचा वेग बदलून एक ७०० वर, दुसरा ६२० वर ठेवला. कमी पडणारी हवा भरून काढायला बहुतेक वेळा काही करावे लागले नाही, कारण काम नसताना तेवढी हवा लागतच नव्हती.